पुढचे पॅड वारंवार संपतायत? आधी मागचे ड्रम उघडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बोलेरो पिकअप तुम्ही स्वतः चालवता. इंदूरच्या चोइथराम मंडीतून कांदा-बटाटा भरून भेरूघाट उतरता आणि बडवाह, सनावदपर्यंत जाता. पुढचे डिस्क पॅड (चाकाची तबकडी दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्या) सहा महिन्यांपूर्वी बदलले होते, ते पुन्हा घासून संपत आलेत. पेडल पूर्वीपेक्षा खाली जातं. भरलेल्या गाडीला जोरात ब्रेक मारला की ती डावीकडे ओढते. मिस्त्री म्हणतो, पॅड टाकून देतो. तुम्हाला या वेळी हे काम घरच्या अंगणात स्वतःच्या हातानं करायचंय, आणि ते जमेल का, कुठवर करावं, हे विचारताय.

जमेल. पण पॅड अजून विकत घेऊ नका. तुम्ही सांगितलेली तिन्ही लक्षणं एकत्र वाचली तर माझा संशय मागच्या चाकांवर आहे. पुढचे पॅड इतक्या लवकर संपतात ते बहुतेक वेळा दुसऱ्याचं काम करून संपतात. चारही चाकं उघडून पाहिल्याशिवाय काय बदलायचं ते ठरवूच नये.

सुरुवात पेडलपासून करा, त्याला एक पानाही लागत नाही. गाडी सपाट जागी उभी, इंजिन चालू. पेडल एकदा दाबा आणि किती खाली जातं ते पाहा. लगेच दोन-तीनदा पटापट दाबा. दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला पेडल वर येऊन कडक झालं, तर मागच्या चाकासोबत फिरणारा ड्रम आणि त्याला आतून घासणारे शू (ब्रेकच्या कमानदार पट्ट्या) यांच्यातली फट वाढली आहे. डिस्क ब्रेक पॅड झिजतील तसे आपोआप जुळवून घेतात, पॅडला ढकलणारा पिस्टन तेवढा पुढे सरकतो. ड्रमचं तसं नाही. तिथे फट जुळवणारा ॲडजस्टर फिरावा लागतो, आणि तो गंजला की फट वाढतच जाते. म्हणून पेडल खाली गेल्यावर पुढचे पॅड बदलून फारसं काही साधत नाही. पेडल स्पंजासारखं मऊ लागत असेल तर ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये हवा आहे. आणि एकसारखा दाब ठेवला असता पेडल हळूहळू जमिनीकडे सरकत असेल, तर कुठेतरी गळती आहे. बाहेर थेंबही दिसत नसेल तर पेडलच्या दाबानं ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरच्या आतली रबरं गेली समजा. अशी गाडी घराबाहेर काढू नका, रिकामीसुद्धा नाही.

आता डावीकडे ओढण्याबद्दल. गाडी ज्या बाजूला ओढते ती बाजू बहुधा नीट काम करत असते, आणि दोष दुसऱ्या बाजूला असतो. लोक डावं चाक उघडून बसतात, तिथे सगळं ठाकठीक दिसतं आणि डोकं चक्रावतं. तुमच्या गाडीत उजवा कॅलिपर (पॅड दाबणारी पकड) अडकलाय का, उजव्या पॅडवर तेल लागलंय का, ते आधी पाहा. उलटाही प्रकार होतो: डावं चाक ब्रेक सोडल्यावरही मोकळं होत नाही आणि तापत राहतं. मग रबरी हौज पाइपवर संशय घ्या. हा पाइप बाहेरून चांगला दिसतो, पण आतून सुजून अरुंद होतो. पायाच्या जोरानं ऑइल आत ढकललं जातं, परत यायला मात्र वाट मिळत नाही. खात्री करायची तर चाक उचलून ब्रेक दाबा, सोडा, आणि चाक अडकलेलं असतानाच कॅलिपरचं निपल (ऑइल-हवा बाहेर काढायचा छोटा स्क्रू) किंचित उघडा. चाक मोकळं झालं तर दोष पाइपमध्ये किंवा त्याच्या वरच्या बाजूला. नाहीच झालं तर पिस्टन किंवा कॅलिपरच्या पिना जाम आहेत.

मागच्या ब्रेकवर मी एवढा भर का देतोय, ते तुमच्या रस्त्यामुळे. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे आणि बडवाहला नर्मदा दोनशे मीटरांच्याही खाली वाहते. म्हणजे जाताना तीनशे मीटरांहून जास्त उतार. मालासकट 3 टनांची गाडी ताशी 60 किलोमीटरवरून पूर्ण थांबवली तर ब्रेकमध्ये साधारण 4 लाख ज्यूल उष्णता तयार होते. तीच गाडी 300 मीटर खाली आणायची म्हणजे 88 लाख ज्यूल. हिशेब केला तर साठाच्या वेगावरून एकवीस वेळा थांबण्याइतकं काम होतं. हे सगळं ब्रेकवर पडत नाही. रस्ता, वारा आणि गियरमधलं इंजिन त्यातला वाटा उचलतात. म्हणून तर ज्या गियरमध्ये घाट चढतो त्याच गियरमध्ये उतरायचा, ही जुन्या ड्रायव्हरांची शिकवण आहे. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारा तो सगळा बोजा चार चाकांवर टाकतो. आणि त्यात मागची दोन चाकं कामचुकार असतील तर तो दोन चाकांवर येतो. मग पॅड सहा महिन्यांत संपले यात नवल नाही.

तुम्ही प्रश्नात एक गोष्ट जाता जाता लिहिली आहे की माल जास्त बसावा म्हणून मागच्या कमानीत (पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये) दोन पाटे वाढवून घेतले. माझ्या मते रोगाची मुळी इथेच असण्याची शक्यता मोठी आहे. गाडीखाली वाकून पाहा. बहुतेक पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलकडून एक बारीक सळई किंवा स्प्रिंग चेसिसवरच्या एका व्हॉल्व्हपर्यंत गेलेली असते. त्याला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह म्हणतात. गाडी रिकामी असली की मागचा भाग वर राहतो, सळई एका ठिकाणी असते आणि व्हॉल्व्ह मागच्या चाकांना ऑइलचा दाब कमी देतो. तसं केलं नाही तर रिकाम्या गाडीची मागची चाकं ब्रेक मारताच जाम होऊन गाडी गिरकी घेईल. माल भरला की कमान दबते, चेसिस ॲक्सलच्या जवळ येतं, सळई सरकते, व्हॉल्व्ह मागे पूर्ण दाब सोडतो.

आता पाटे वाढवल्यावर काय होतं? माल भरूनही कमान पुरेशी दबत नाही. व्हॉल्व्हला गाडी रिकामीच वाटते. मागे गच्च भरलेला कांदा आणि मागच्या ब्रेकला दाब रिकाम्या गाडीचा. सगळा भार पुढच्या पॅडवर येतो आणि पेडलला त्याचा पत्ता लागत नाही, कारण पेडल कडकच असतं. काही मिस्त्री यावर ती सळई तारेनं वर बांधून टाकतात. कृपा करून तसं करू देऊ नका. माल उतरवून रिकामे परत येताना, पहिल्या पावसानं रस्ता निसरडा झालेला असताना, तीच तार तुमची गाडी आडवी करेल. यावर दोनच उपाय आहेत. वाढवलेले पाटे काढून मूळ कमान ठेवा, किंवा कंपनीच्या वर्कशॉपमध्ये पुढच्या-मागच्या लाइनला प्रेशर गेज लावून व्हॉल्व्हची सेटिंग करून घ्या. मी तुमच्या जागी असतो तर पाटे काढले असते आणि माल मर्यादेत भरला असता.

कामाकडे वळू. जागा पक्की आणि सपाट हवी, फरशी किंवा काँक्रीट. मातीच्या अंगणात, विशेषतः आपल्या काळ्या मातीत, जॅक कलतो. पुढचं काम करताना मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे, मागचं करताना पुढच्यांना. मागच्या कामाला हँडब्रेक सोडावाच लागतो, तेव्हा ठोकळ्यांवरच सगळी भिस्त असते. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. लोखंडी घोड्या (जॅक स्टँड) लावा, विटा किंवा दगड नकोत, वीट एकदम फुटते. मागे घोड्या ॲक्सलच्या नळीखाली लावा, चेसिसखाली नको. त्याचं कारण हवा काढताना सांगतो.

ड्रममधली काळी भुकटी हवेच्या पाइपनं उडवू नका. स्वस्त लायनरमध्ये (शूवरच्या घासणाऱ्या थरात) ॲस्बेस्टॉस असू शकतं, आणि ती धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. तोंडाला मास्क लावा, ब्रेक क्लीनर किंवा साबणाचं पाणी मारून भुकटी ओली करा, फडक्यानं पुसा, फडकं फेकून द्या.

पुढचं काम सोपं आहे. कॅलिपर सोडवला की तो तारेनं कमानीला किंवा चेसिसला टांगा, हौज पाइपवर लोंबकळू देऊ नका. जुने दोन्ही पॅड शेजारी ठेवून पाहा. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच जास्त झिजलेला असेल तर सरकणाऱ्या पिना जाम आहेत. त्या काढून पॉलिश पेपरनं साफ करा आणि सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावा. साधं चेसिस ग्रीस लावलं तर पिनांवरची रबरी आवरणं फुगतात आणि पिना पुन्हा जाम होतात. डिस्कच्या कडेवर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो. व्हर्नियरनं मोजा, त्याच्या खाली असेल तर डिस्क बदला. निळसर डाग दिसले तर ती घाटात अति तापलीय. पिस्टन आत ढकलताना निपलला नळी लावून ते थोडं उघडा आणि जुनं ऑइल बाटलीत जाऊ द्या, म्हणजे तो गाळ उलट वर मास्टर सिलिंडरकडे जात नाही. पॅड नेहमी दोन्ही चाकांचे एकत्र बदलायचे.

मागे घाई करू नका. ड्रम निघत नसेल तर घणाचे घाव घालत बसू नका. आतल्या कडेला झिजून एक ओठ तयार होतो, शू त्यात अडकतात. शू ज्यावर बसवलेले असतात त्या बॅकप्लेटच्या मागचं रबरी बूच काढून ॲडजस्टर उलटा फिरवा, शू आत जातील. बऱ्याच ड्रमवर दोन आटे पाडलेली भोकं असतात, त्यांत बोल्ट सारखे-सारखे आवळत गेलं की ड्रम स्वतःच बाहेर येतो. एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी बाजू तुमचा नमुना आहे. तरी खोलण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, कोणती स्प्रिंग कुठल्या भोकात, कोणता शू पुढे, सगळं दिसेल असा. डाव्या-उजव्या ॲडजस्टरची अदलाबदल होऊ देऊ नका, त्यांचे आटे उलटसुलट असतात. बदलले गेले तर ॲडजस्टर फट कमी करायच्या ऐवजी वाढवत नेतो.

आता शूंना बाहेर ढकलणारा व्हील सिलिंडर नीट पाहा. दोन्ही टोकांना रबरी टोपी असते, तिची कड नखानं किंचित उचला. आत कोरडं असेल तर ठीक. थोडी ओल चालेल, पण ऑइल ओघळलं तर सिलिंडर गेला. शूवर किंवा ड्रममध्ये तेल दिसलं तर ते बोटांत चोळून वास घ्या. ब्रेक ऑइल पातळ असतं, पाण्यानं धुतलं जातं. डिफरन्शियलचं ऑइल जाड असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास असतो, तसं असेल तर ॲक्सलचं ऑइल सील फुटलंय. ते बदलल्याशिवाय नवे शू टाकणं म्हणजे पैसे वाया घालवणं. तेल प्यायलेले शू रॉकेलनं धुऊन किंवा जाळून परत लावतात, ते अजिबात करू नका. वर कोरडे दिसतात आणि तापले की आतलं तेल बाहेर येतं, नेमकं घाटात.

पावसाळ्यात शेतात गाडी घालत असाल तर बॅकप्लेटवर काळ्या मातीचा थर बसलेला असेल. शू जिथे बॅकप्लेटवर टेकतात त्या उंचवट्यांवर खाचा पडल्या असतील, शू तिथे अडकतो. घासून सपाट करा आणि त्या ठिपक्यांवर उष्णता सहन करणारं ग्रीस नखभर लावा. लायनरला ग्रीसचं बोट लागू देऊ नका.

ड्रमवर जास्तीत जास्त व्यास कोरलेला असतो. लेथवर आतून घासूनही व्यास त्याच्या आत राहत असेल तरच घासून घ्या, आणि दोन्ही ड्रम सारखे घासा. नवे शू बसले की नाही ते पाहण्याची जुनी युक्ती आहे. ड्रमच्या आत खडू फिरवा, ड्रम बसवा, ब्रेक हलकाच लावून चाक थोडं फिरवा आणि ड्रम परत काढा. लायनरवर पांढरा पट्टा फक्त मध्यभागी उमटला असेल तर शू अजून ड्रमच्या गोलाईला जुळलेला नाही, पहिले काही दिवस ब्रेक कमी लागेल. तेवढ्या दिवसांत घाटात भरून जायचं नाही. सगळं बसवल्यावर ॲडजस्टर फिरवत न्या, चाक हातानं फिरवलं तर शू किंचित खसखसला पाहिजे. हँडब्रेकची केबल त्यानंतर. ती आधी ताणली तर शू अर्धे उघडेच राहतात आणि सगळी ॲडजस्टमेंट फसवी होते.

ब्रेक ऑइल कोणत्या दर्जाचं (डॉट 3 की डॉट 4) ते त्याच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. डॉट 3 नवं असताना 205 अंशांना उकळतं आणि पाणी शोषल्यावर 140 ला. डॉट 4 नवं असताना 230 ला, ओलसर झाल्यावर 155 ला. हे किमान आकडे आहेत. ऑइल हवेतली ओल शोषत राहतं, म्हणून दोन वर्षांनी बदलायचं आणि अर्धी उरलेली बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवायची नाही. घाटात उकळलं की लाइनमध्ये वाफ होते आणि पेडल थेट तळाला जातं. झाकणावर डॉट 3 असेल तर डॉट 4 घातलेलं चालतं. सिलिकॉनचं डॉट 5 मात्र यात मिसळत नाही. आणि सिलिंडरची रबरं डिझेल किंवा पेट्रोलनं धुऊ नका, इंजिन ऑइलचा थेंबही त्यांत जाऊ देऊ नका. ती फुगतात आणि सगळी लाइन धोक्यात येते. धुवायचं तर नव्या ब्रेक ऑइलनंच. रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, नाहीतर रंग सुटतो.

हवा काढायला घरातलं कुणीतरी सोबतीला घ्या. आपल्याकडे मास्टर सिलिंडर उजवीकडे असतो, म्हणून सामान्यतः मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं असा क्रम धरतात. तुमच्या पुस्तिकेत वेगळा दिला असेल तर तो पाळा, आणि लोड सेन्सिंग व्हॉल्व्हला स्वतःचं निपल असेल तर तेही विसरू नका. निपलला पारदर्शक नळी, तिचं टोक ऑइल असलेल्या बाटलीत बुडालेलं. पेडल दाबून धरलं की निपल उघडायचं, बंद केल्यावरच पाय सोडायचा. जुन्या गाडीत पाय पार तळापर्यंत नेऊ देऊ नका, मास्टर सिलिंडरच्या न वापरलेल्या गंजक्या भागावर रबरं घासून फाटतात. पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवा. टाकी मधूनमधून भरत राहा. आता घोड्यांचं कारण: चेसिसवर गाडी टेकवली की ॲक्सल लोंबकळतं, व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते, मागे ऑइल नीट जात नाही आणि हवा निघता निघत नाही. ॲक्सलवर टेकवली की कमान दबलेली राहते. एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत तिच्या युनिटमध्ये हवा शिरली तर ती स्कॅनरशिवाय निघत नाही, तेव्हा टाकी रिकामी होऊ देऊच नका.

चाकं बसवून नट आडवे-तिडवे आवळा. गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबत राहा. पॅड बदलल्यावर पहिला दाब नेहमी रिकामा जातो, आणि गाडी अंगणातून भिंतीवर जाते ती तेव्हाच. पायाचा जोर वाढवणारा बूस्टरही तपासा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाचदा दाबा, मग पाय तसाच धरून इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली सरकलं पाहिजे. नाही सरकलं तर व्हॅक्यूम पाइप किंवा व्हॅक्यूम पंप पाहा. डिझेल इंजिन स्वतः पुरेसा व्हॅक्यूम देत नाही, म्हणून पंप वेगळा असतो, बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरसोबतच. उतारावर इंजिन बंद केलं की दोन-तीन दाबांत बूस्टरची साठवण संपते आणि पाय दगडावर ठेवल्यासारखा होतो.

पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्रात ब्रेक तपासायला वेगळा ट्रॅक बांधलाय. आपल्याला पहाटेचा रिकामा, सरळ, सपाट रस्ता पुरतो. आधी ताशी 20 वर, मग 40 वर ब्रेक लावून गाडी सरळ थांबते का पाहा. मग 50 वरून 10 पर्यंत मध्यम जोरानं आठ-दहा वेळा वेग उतरवा, मध्ये थोडं अंतर चालवून ब्रेक थंड होऊ द्या, पूर्ण थांबून पाय दाबून ठेवू नका. शेवटी उतरून चारही चाकांजवळ, स्पर्श न करता, हाताचा पंजा न्या. एकच चाक इतरांपेक्षा खूप गरम लागलं तर तिथे काहीतरी अडकलंय, पुन्हा उघडा.

मास्टर सिलिंडर, गंजलेल्या लोखंडी ब्रेक लाइन, ॲक्सलचं सील आणि त्या व्हॉल्व्हची सेटिंग, ही चार कामं घरी करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. बाकी सगळं तुम्हाला येण्यासारखं आहे. पहिला आठवडा इंदूर-देवाससारख्या सपाट रस्त्यावर अर्ध्या मालानं चालवा. शंभरेक किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा आवळा, टाकीतली पातळी पाहा, मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला ओघळ आहे का ते वाकून बघा, आणि मागचा ॲडजस्टर एकदा परत तपासा. एवढं कोरडं आणि जागेवर सापडलं की मग भेरूघाटासाठी माल भरा.